चालू शस्त्रक्रियागृह असणे आवश्यक

मी रक्ताचा डॉक्टर आहे. हे वाक्य मी आमच्या सोसायटीच्या पहिल्याच मीटिंगमध्ये उच्चारलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर उंबऱ्याशी एक बाटली. छोटी, प्लास्टिकची, झाकणाला चिकटपट्टी आणि पट्टीवर बॉलपेननं लिहिलेलं, 'द्वारकाबाई, उपाशीपोटी'. ती बाटली दोन बोटांत धरून मी वरच्या मजल्यावर परत करायला गेलो. "काकू, तपासणीची लॅब वेगळी. मी रक्तविकारतज्ज्ञ आहे," मी म्हणालो. द्वारकाकाकूंना आनंदच झाला. "मग तर बरंच झालं की! आता आलातच तर रक्त पण काढून घ्या, पुन्हा हेलपाटा नको."

आमच्या धंद्याचं दुखणं हे आहे. सर्जनकडे टाके असतात, हाडवाल्याकडे प्लास्टर असतं, बाळंतपणवालीकडे तर अख्खं बाळ असतं. माझ्याकडे दाखवायला काहीच नाही. पेशंट येताना जसा दिसतो तसाच बरा होऊन जातो. त्याला वाटतं, आपण आपोआपच बरे झालो असतो, या गृहस्थानं उगीच मध्ये मध्ये केलं. एम.बी.बी.एस., एम.डी., डी.एम. अशा पदव्यांची पाटी दवाखान्याबाहेर लावली आहे. खाली ट्रॅक्टरच्या सामानाचं दुकान आहे. दुकानाची पाटी माझ्या पाटीपेक्षा मोठी आहे, आणि गिऱ्हाईकही.

हा दवाखाना चिकलठाण्याला, कडुबाअप्पांच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर. अप्पांची केशर आंब्याची बाग गंगापूरच्या रस्त्याला आहे आणि भाडेकरूंना ते झाडांसारखंच वागवतात. म्हणजे पाणी देतात आणि बाकी देवावर सोडतात.

तर अशा या दवाखान्यात एका वर्षी उन्हाळ्याच्या तोंडी सत्यशीला आली. सोबत तिचा सासरा मुंजाबा. कन्नडकडचं मेंढपाळ कुटुंब, नवरा अजिनाथ मेंढरांमागं. पोरीच्या अंगावर न लागता निळे डाग, हिरड्यांतून रक्त, आणि पाळी सुरू झाली की थांबायचं नाव नाही. तपासलं, तर रक्त गोठवणाऱ्या पेशी, म्हणजे प्लेटलेट्स, तिचं स्वतःचंच शरीर खाऊन टाकत होतं. नेहमीच्या गोळ्यांनी आकडा वर यायचा. पण त्या गोळ्यांनी तिचा चेहरा असा सुजला की तिच्या तान्ह्या लेकरानं ओळख दाखवायची बंद केली. गोळ्या कमी केल्या की पुन्हा डाग.

आता दोन वाटा होत्या. एक, रोजची एक नवी गोळी. ती महाग, आणि बराच काळ घ्यायची. दुसरी, ऑपरेशन करून प्लीहा, म्हणजे पोटातली तिल्ली, काढून टाकणं, कारण या पेशी जास्त करून तिथंच मरतात. ऑपरेशननं पुष्कळ लोक बरे होतात. पण प्लीहा गेली की साधा तापही जिवावर बेतू शकतो, काही तासांत इंजेक्शन मिळावं लागतं. शहरातल्या माणसाला हे चालतं. सत्यशीला दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कन्नडचा घाट उतरून खानदेशात जाणार, आज या शिवारात तर उद्या त्या शिवारात. तिथं तापाला कोण बघणार? म्हणून माझं ठरलं. हिची प्लीहा वाचवायची. गोळीच द्यायची.

गोळीची किंमत सांगितली तेव्हा मुंजाबानं डोक्यावरचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि परत घातलं. ते बघून माझ्यातला वीरपुरुष जागा झाला. "बाबा, तुम्हाला काही द्यावं लागणार नाही," मी म्हणालो. "सरकारची छाया योजना आहे. पेशंटला फुकट, दवाखान्याला सरकार ठरलेले पैसे देतं. मी माझा दवाखाना योजनेत घालून घेतो. किरकोळ काम आहे." हे 'किरकोळ' मी म्हटलं तेव्हा कुठं पाल चुकचुकली असली तर मला ऐकू आली नाही.

योजनेच्या ऑनलाइन कामासाठी मी संस्कृतीला नेमलं. ही आमच्याच गल्लीतली बी.कॉम. झालेली मुलगी. जग बुडालं तरी आधी स्क्रीन रिफ्रेश करून बघणारी.

"सर, यादीत तुम्ही नाहीत," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"डॉक्टरांच्या प्रकारांची यादी आहे ना, त्यात. डोळे आहेत, दात आहेत, कान-नाक-घसा आहे. रक्ताचं नाही. रक्तपेढी आहे. ती टाकू का?"

"मी पेढी आहे का, संस्कृती?"

"नाही सर. मग 'इतर' टाकते." तिनं 'इतर' टाकलं. ते 'इतर' निघालं शस्त्रक्रियांच्या मथळ्याखालचं. दुसरं 'इतर' अख्ख्या यादीत नव्हतं. लगेच स्क्रीनवर लाल अक्षरं आली: चालू शस्त्रक्रियागृह असणे आवश्यक.

मी योजनेच्या हेल्पलाइनला फोन लावला. पुष्कळ गाणी ऐकल्यावर एक सुस्वभावी मुलगा मिळाला. मी म्हणालो, "अहो, मी ऑपरेशन करतच नाही." तो म्हणाला, "काही हरकत नाही सर, नका करू. पण शस्त्रक्रियागृह लागेल."

आता सल्ल्यांचा हंगाम सुरू झाला. आपल्याकडं औषधाला माणूस मिळणार नाही, पण सल्ल्याला रांग लागते. द्वारकाकाकू म्हणाल्या, "वास्तुशांत करून घ्या, ऑपरेशनं आपोआप येतील." माझी बायको अपेक्षा कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते, त्यामुळे तिचा सल्ला नेहमी प्रश्नाच्या रूपात असतो. "ज्या माणसाला घरचा कांदा धड चिरता येत नाही, त्याला शस्त्रक्रियागृह?" माझा कॉलेजपासूनचा मित्र डॉ. माऊली तुपे जालना रोडलाच सर्जन आहे. तो तर खूष झाला. "अरे ऋतुराज, बांधून टाक ना यार! मी येऊन तुझ्याकडं दोन-चार हर्निया करून जात जाईन. तुझा गल्लाही हलेल आणि नावही होईल. नाही तरी तू काय करतोस ते मला अजून कळलेलं नाही."

हे तो गमतीनं म्हणाला. मी घरी येऊन ते गंभीरपणे घेतलं.

पहिल्या मजल्यावर शस्त्रक्रियागृह करायचं तर स्ट्रेचरसाठी उतार पाहिजे. नियमात लिहिलेल्या चढाप्रमाणे तो काढला असता तर खालचं टोक विमानतळाच्या धावपट्टीवर गेलं असतं. शेवटी कडुबाअप्पांनी तळमजल्यावरचं मागचं गोदाम दिलं. "डाक्टर, तुमच्यासाठी देऊ राहिलो. दुसऱ्याला दिलं नसतं," ते म्हणाले आणि दुसऱ्याकडून घेतलं नसतं इतकं भाडं सांगितलं. मग फरशी आली, मोठा दिवा आला, टेबल आलं. ते टेबल वर-खाली होतं, तिरकं होतं, डोक्याकडून झुकतं. पहिले काही दिवस मी दुपारी जाऊन ते नुसतंच वर-खाली करून बघायचो. अग्निशमनाचा दाखला झाला, कचऱ्याचा झाला. एसी बसवणाऱ्यानं विचारलं, "सर, कसलं ऑपरेशन करता?" मी म्हणालो, "कसलंच नाही." त्यानं आपलं बिल लगेच मागितलं.

तपासणी समिती कधी येणार हे कळवत नाहीत. ती मे महिन्यात आली. तीन जण, कपाळाला घाम, हातात पाण्याच्या बाटल्या. मी मोठ्या अभिमानानं त्यांना मागं नेलं, दार ढकललं आणि आतून केशर आंब्याचा असा घमघमाट आला की प्रमुख साहेबांनी मास्क खाली केला.

टेबलावर गवत. गवतावर आंबे. आंब्यांवर पुन्हा गवत. खाली फरशीवर भिंतीपर्यंत तसंच. कडुबाअप्पा दर साली याच गोदामात आढी घालायचे. गोदामाचं शस्त्रक्रियागृह झालं हे त्यांना ठाऊक होतं. पण म्हणून आंबे पिकायचे थांबतात का?

"अप्पा!" मी ओरडलो.

अप्पा गवत झटकत पुढं आले. "कामून ओरडू राहिले डाक्टर? तुमचं ऑपरेशन तर नव्हतंच काही. दार कसं घट्ट बसवलंय तुमी! असा माल पिकलाय, सांगायची सोय नाय. सायेब, या, बसा. सुरी हाय का हो डाक्टर तुमच्याकडं?"

शस्त्रक्रियागृहात सुरी नव्हती. ती बाब प्रमुख साहेबांनी टिपून घेतली. मग त्यांनी टेबलाच्या डोक्याकडचा एक आंबा उचलून दाबला, हुंगला आणि म्हणाले, "याला अजून दोन दिवस." बाकीचे त्याच दिवशी खाल्ले. समितीच्या गाडीत पेट्या चढवताना अप्पांनी माझ्याकडं पाहून डोळा मारला. आम्ही पास झालो. शेऱ्यात लिहिलं होतं, 'शस्त्रक्रियागृह वापरात असल्याचे दिसून आले.' माझ्या आयुष्याची पंधरा वर्षं शिकण्यात गेली, आणि शेवटी उत्तीर्ण झाला तो केशर. मी त्या रात्री जेवलो नाही. आमरस होता.

असो. योजनेत शिरलो एकदाचे. संस्कृतीनं सत्यशीलेच्या गोळीसाठी पूर्वमंजुरीचा अर्ज भरला आणि शंका यायला लागल्या. योजनेत नकार देत नाहीत, शंका काढतात. पहिली शंका: 'एक्स-रे जोडावा.' रक्ताचा एक्स-रे! चौकशी केली तर पलीकडं तपासायला बसलेले गृहस्थ हाडांचे डॉक्टर होते. त्यांची चूक नाही. माणूस आपल्या सवयीनं मागतो. दुसरी शंका: 'उपचारापूर्वीचे व नंतरचे छायाचित्र जोडावे, व्रण स्पष्ट दिसावा.' मी सत्यशीलेच्या हातावरच्या निळ्या डागांचा फोटो पाठवला. त्यावर तिसरी शंका: 'हा मार लागल्याचा प्रकार दिसतो, पोलिसांना कळविले आहे काय?' मुंजाबाला हे सांगताना मला घाम फुटला.

नियम असा होता की आकडा वीस हजारांच्या आत असेल तरच गोळी मंजूर. या खेळात एक दिवस सत्यशीलेच्या नाकातून रक्त सुरू झालं ते थांबेना. मी मंजुरीची वाट न बघता आपल्या कपाटातली औषधं दिली, दोन दिवस तिच्याजवळून हललो नाही. रक्त थांबलं, आकडा चाळीस हजारांवर आला. योजनेनं ताजा रिपोर्ट मागितला आणि कळवलं, 'पेशंट सुधारत आहे. गोळीची आवश्यकता नाही.' म्हणजे मी तिला मरू दिलं असतं तर ती पात्र ठरली असती. संस्कृतीनं दोनदा स्क्रीन रिफ्रेश केली.

"सर, एक सांगू? प्लीहा काढण्याचं पॅकेज आहे. त्याला काही शंका नाही. टाकून बघू?"

"नाही," मी म्हणालो. आषाढ गेला, गोळी अडलेलीच. सत्यशीला दर पाळीला पांढरीफटक होऊन येत होती, आणि दर वेळी मी तिला दुसऱ्याचं रक्त चढवत होतो. माझं तत्त्व शाबूत होतं आणि पोरगी संपत चालली होती. श्रावणात एका दुपारी ती एसटीतून उतरताना चक्कर येऊन पडली. त्या दिवशी मी संस्कृतीला सांगितलं, "टाक."

मंजुरी चहा निवायच्या आत आली.

मुंजाबाला आणि तिला समोर बसवून मी सगळं समजावलं. हेही सांगितलं, की मला हे करायचं नव्हतं. मुंजाबा विचारात पडला. "डागदर, बकरं कापलं का तिल्ली आधी पोरं पळवतेत. चुलीवर भाजून खातेत. तिच्यावाचून बकऱ्याचं काय अडतं म्हणावं, तर ते तर मेलेलंच ऱ्हातं. माणसाचं काय अडतं?"

"ताप आला तर अडतं, बाबा. ताप आला की थांबायचं नाही."

सत्यशीला पहिल्यांदाच बोलली. "मेंढरं थांबत नसतेत, सायेब. पर मी थांबंन. आता तर लेकरू बी वळखंना मला. काढून टाका."

ऑपरेशनच्या आधी लसी द्याव्या लागतात. लसी पॅकेजमध्ये नव्हत्या, त्यांचं खातं निराळं. त्या मी दिल्या. गोळ्यांनी आकडा वर आणणं माझं, रक्ताची सोय माझी. मग ठरल्या दिवशी माऊली आला, हात धुतले, गाणं गुणगुणत आत गेला आणि त्या आंब्यांच्या टेबलावर त्यानं सत्यशीलेची प्लीहा काढली. मी कोपऱ्यात उभा होतो. हातात धरायला काही नसल्यामुळं मी हात मागं बांधले होते. भूल देणारे डॉक्टर मला म्हणाले, "औताडे, जरा उजेडातून बाजूला व्हा." एसी सुरू केला की अजून केशरचा वास यायचा.

ऑपरेशन उत्तम झालं, हे कबूल केलंच पाहिजे. आकडा भराभर चढला. व्रणाचा फोटो असा स्पष्ट आला की योजनेच्या सगळ्या शंका विरघळल्या. घरी जायच्या दिवशी मुंजाबानं स्वतःच्या मेंढरांच्या लोकरीची काळीभोर घोंगडी आणली आणि माऊलीच्या खांद्यावर घातली. "तुमी पोरगी दिली मला," म्हणाला. माऊलीचे डोळे भरून आले. मग मुंजाबा माझ्याकडं वळला. मीही नकळत खांदे जरा पुढं केले. त्यानं पिशवीत हात घालून एक छोटी प्लास्टिकची बाटली काढली. "डागदर, माझी लघवी आणली हाय. हिकडं आलोच हाय तर बघून टाका."

मी बाटली घेतली. काय करणार?

सत्यशीलेला मी गोळ्यांची एक पट्टी आणि थर्मामीटर दिलं. "ताप आला की आधी ही गोळी, मग मला फोन, मग जवळचा दवाखाना. सकाळची वाट बघायची नाही." तिनं ते चंचीत बांधलं. दिवाळीनंतर त्यांची मेंढरं घाट उतरून गेली आणि माझी झोप उडाली. एखाद्या दिवशी फोन यायचा, "सायेब, काच शंभर दाखवती, उन्हामुळं आसंल का?" मी म्हणायचो, सावलीत बसून परत बघ. परत फोन यायचा, "नाय, उतरली." मग मला जेवण जायचं. अपेक्षा म्हणाली, "याचं पॅकेज आहे का?" मी म्हणालो, नाही. ती अर्थशास्त्राची प्राध्यापिका असूनही उठली आणि माझा फोन चार्जिंगला लावून आली.

मार्गशीर्षात माऊलीच्या पुतणीचं लग्न होतं, बीड बायपासच्या मंगल कार्यालयात. सगळे हातात अक्षता घेऊन उभे, मंगलाष्टकं सुरू, आणि माझा फोन वाजला. सत्यशीला नव्हती, मुंजाबा होता. "डागदर, पोरगी थडथड उडू राहिली. काच एकशेचार दाखवती. गोळी दिलीय. हितं गावच्या डाक्टरकडं आणलंय, तर ते म्हणतेत साधा ताप हाय, उद्या बघू."

"त्यांना फोन द्या!" मी ओरडलो. भटजी क्षणभर थांबले. पलीकडं एक झोपाळू आवाज आला. "अहो, प्लीहा काढलेली आहे तिची! आत्ता, या मिनिटाला अँटिबायोटिकचं इंजेक्शन शिरेतून द्या, सलाइन लावा आणि चाळीसगावला हलवा!" लाऊडस्पीकरवर 'शुभमंगल' चाललं होतं, त्यामुळं मला औषधाचं नाव आणि डोस सभामंडपाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगावा लागला. "सावधान" झालं तेव्हा मीच सर्वांत जोरात ओरडत होतो. माझ्या हातातल्या अक्षता घामानं हळदीसकट तळव्याला चिकटल्या होत्या. नवरीचा मामा आमच्याशी अजून बोलत नाही.

त्या डॉक्टरनं इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चाळीसगावहून फोन आला, तेव्हा ती स्वतः बोलली. "सायेब, पेज पिली." मी फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन रडलो. पुढच्या वेळी रेंज नसेल तर काय, या विचारानं पुन्हा रडलो.

परवा संस्कृतीनं बोलावलं. "सर, नवी शंका आलीय." योजनेतून पेशंटला समाधानाचा फोन जातो. सत्यशीलेलाही गेला होता, आणि तिची उत्तरं जशीच्या तशी खाली टाइप केली होती. ऑपरेशन कोणी केले? 'तुपे सायबांनी.' पैसे मागितले काय? 'नाय.' अर्जात डॉ. औताडे यांचेही नाव आहे, त्यांनी कोणती सेवा दिली? त्यावर तिचं उत्तर: 'ते फोन उचलतेत.'

त्याखाली लाल अक्षरांत शंका होती. 'फोन उचलणे ही सेवा पॅकेजमध्ये समाविष्ट नाही. सदर डॉक्टर फोन उचलतात काय, याबाबत लेखी खुलासा करावा. अन्यथा दवाखान्याचे नाव वगळण्यात येईल.'

"काय लिहू, सर?" संस्कृती म्हणाली.

माझ्या डोक्यात आजवरचं सगळं उसळून आलं. पदव्या, ते वर-खाली होणारं टेबल, आंबे, घोंगडी. मोठं खरमरीत पत्र लिहावं असं वाटलं, आणि खुर्ची ओढून मी कीबोर्ड जवळही घेतला. तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. घाटाखालचा नंबर होता.

मी एका हातानं खुलाशाच्या चौकटीत लिहिलं, 'होय. उचलतो.' आणि उचलला.